भट्टी गार पडली

काचेच्या दारातून इंजिनिअर दिसले, तेव्हा तिला आधी वाटलं, बसल्या बसल्या डुलकी लागली असेल.

डोकं टेबलावर होतं. एक हात खुर्चीखाली लोंबत होता. टेबलफॅन बंद होता. एवढ्या उकाड्यात पंखा बंद करून कोण झोपतं?

तिने दारावर टकटक केली. मग मूठ फिरवली. दाराला कुलूप नव्हतं. आतली कोंडलेली, तापलेली हवा अंगावर आली. तिने इंजिनिअरांचं मनगट धरलं. ते लाकडासारखं ताठ होतं. डोक्याच्या मागच्या बाजूला केसांत रक्त सुकून काळं झालं होतं.

शास्त्र शिकलेल्या माणसाला एक खोड असते. किंचाळण्याआधी तो नीट बघून घेतो. तिनेही बघितलं. छताला हवेची जाळी होती, तिच्या बरोबर खाली टेबलावर एक आकडेमोडीचा कागद होता. त्यावर पाण्याचे थेंब पडून शाई फुटली होती. इंजिनिअर टेबलावर बांधकामाचा नमुना म्हणून काँक्रीटचे दोन चौकोनी ठोकळे ठेवत. त्यांतला एकच जागेवर होता.

एवढं बघून झाल्यावर तिने पोलिसांना फोन लावला. दाराची चौकट धरून ती खालीच बसली.

सोमवारची सकाळ होती. मजल्यावर दुसरं कुणी नव्हतं. खरं तर तीही असायची नव्हती. दर सोमवारी ती नमुने गोळा करायला परस्पर बाहेर जायची आणि दुपारनंतर यायची. आज गिऱ्हाइकाने ऐनवेळी नको म्हणून कळवलं, म्हणून ती सरळ इकडे आली होती.

*

हा मजला तिने आणि तिच्या धाकट्या भावाने मिळून घेतला होता. तिला पाणी आणि खाद्यपदार्थ तपासायच्या प्रयोगशाळेसाठी अर्धाच मजला पुरत होता. विकणारा मात्र अडून बसला: घ्यायचा तर अख्खा घ्या. धाकटा म्हणाला, "ताई, अर्ध्यात तू बस, अर्धा भाड्याने देऊ. भाडेकरू हप्ता भरतील, आपण चहा पिऊ." आईने आपल्या पाटल्या मोडल्या आणि व्यवहार झाला. त्यानंतर निवांत चहा मात्र कुणालाच मिळाला नाही.

पहिला भाडेकरू एक वास्तुरेखाकार. सगळे त्यांना नकाशेवाले म्हणत. भाड्यात सवलतीच्या बदल्यात पार्टिशनचा आराखडा त्यांनीच काढून दिला होता. त्यात तीन केबिन होत्या. पुढची दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या काकांची, मधली स्वतः नकाशेवाल्यांची, आणि टोकाची बांधकामाची गणितं करणाऱ्या इंजिनिअरांची. "दोन केबिनना एकच एसी पुरेल. तुमचा खर्च वाचेल," नकाशेवाले तेव्हा म्हणाले होते. यंत्राची कळ आणि वेळ लावायचं घड्याळ त्यांच्या केबिनमध्ये होतं. छतातून हवेचा एक पोकळ नळ इंजिनिअरांच्या केबिनमध्ये नेला होता. जाळी बसली, वारा काही आला नाही. त्या केबिनचं नाव भट्टी पडलं.

प्रयोगशाळा आणि भट्टी यांच्यामध्ये पूर्वी एक दार होतं. ते बुजवून पाठीमागे नुसता पत्रा ठोकला होता. तो कोनाडा वाया जाऊ नये म्हणून तिने तिथे फळ्या मारल्या होत्या आणि बुरशी वाढवायच्या काचेच्या बश्या ठेवायला सुरुवात केली होती. प्रत्येक नमुन्याच्या दोन बश्या करायच्या, एक खिडकीजवळच्या टेबलावर, जोडीची कोनाड्यात, ही तिची जुनी सवय. कोनाड्यातली बुरशी नेहमी एक पाऊल पुढे असायची. पत्र्यापलीकडे भट्टी होती ना!

*

इन्स्पेक्टर हळू आवाजात बोलणारा माणूस होता. समोरच्याचं बोलणं ऐकताना तो चष्मा पुसत बसे. त्यामुळे तो ऐकतोय की नाही, ते कळत नसे.

"शुक्रवारी इथे भांडण झालं म्हणे?"

"भांडण कसलं? इंजिनिअर उकाड्याने वैतागले होते. माझ्या भावाला म्हणाले, भाडं माणसं बसवायचं घेता, की विटा भाजायचं?"

"आणि भाऊ काय म्हणाला?"

तिने नजर दुसरीकडे वळवली.

"मी सांगतो. कवळीकाकांनी जबाबात सांगितलंय. 'सोमवारपर्यंत दम धरा. तुम्हाला पार गार करून टाकतो.' बरोबर?"

"सोमवारी एसीचा मेकॅनिक येणार होता. त्या अर्थाने म्हणाला तो. सगळे हसले. इंजिनिअरसुद्धा हसले."

"आज सोमवार आहे, बाई. आणि ते गार पडलेत."

पॅसेजमध्ये कवळीकाका भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या कपड्यांवर नेहमीसारखी प्लास्टरची पांढरी भुकटी होती. तेवढ्यात नकाशेवाले जिन्यावरून धापा टाकत आले. पोलीस दिसताच जागीच थबकले. सगळं ऐकल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "अरे देवा! परवाच तर बोललो त्यांच्याशी!" मग जरा वेळाने म्हणाले, "साहेब, एक मिनिट माझ्या केबिनमध्ये जाऊन येऊ? नकाशे अडकलेत आत."

"सगळ्या केबिन सील होतायत."

"एकच गुंडाळी आहे हो."

"नंतर."

सरकारी डॉक्टर हात पुसत बाहेर आले. "डोक्यात मागून जड वस्तू घातली आहे. अंग पुरतं ताठ आहे. वास नाही, पोट फुगलेलं नाही. गारठ्यात गोष्ट वेगळी असते, पण ही खोली म्हणजे तवा आहे. इथे मरून एक दिवसाच्या वर झाला असता, तर मला दारातच कळलं असतं. रविवारी दुपारी कधीतरी, असं म्हणा."

"रविवारी इथे कोण कोण आलं होतं?" इन्स्पेक्टरने सगळ्यांकडे बघत विचारलं.

"मी गुडघा शेकत घरी होतो. बायकोला विचारा, तिचाच जास्त छळ झाला," कवळीकाका म्हणाले.

"मी शनिवारी दुपारीच गाव सोडलं," नकाशेवाले म्हणाले. "मेहुणा गाडी घेऊन खाली आला होता. रविवारी त्याच्याकडे माणसांनी घर भरलं होतं. मी निघालो तेव्हा इंजिनिअर कामात होते. 'येतो' म्हटलं, तर मान वर न करता नुसता हात हलवला."

मागून धाकट्याचा आवाज आला. तो नुकताच पोचला होता. चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी आलो होतो रविवारी. दुपारी."

तिने डोळे मिटून घेतले. हा पोरगा लहानपणापासून असाच. काच कुणीही फोडो, हात वर करायला हा पुढे.

"कशासाठी?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"मेकॅनिकला वरच्या नळाचं माप हवं होतं. वर चढायची छताची फळी नकाशेवाल्यांच्या केबिनमध्ये आहे. केबिनला कुलूप होतं. किल्ल्या भाडेकरूंकडेच असतात. मग परत गेलो."

"इंजिनिअरांच्या केबिनमध्ये डोकावलात?"

"डोकावलो. काही दिसलं नाही. काच धुरकट होती."

इन्स्पेक्टरने वळून भट्टीच्या दाराकडे बघितलं. काच आरशासारखी स्वच्छ होती. आतल्या कॅलेंडरवरची तारीखसुद्धा वाचता येत होती.

"धुरकट?"

"होती, साहेब. शप्पथ."

"ही काच?"

धाकट्याने काचेकडे बघितलं. तिच्यावरून बोट फिरवून बघितलं.

"चला," इन्स्पेक्टर म्हणाला.

*

संध्याकाळी आईचा फोन आला. तिला अजून काही सांगितलं नव्हतं.

"बाळ्या फोन उचलत नाही गं. जेवला का तो?"

"कामात आहे, आई."

"तुमचं ते मेलं ऑफिस! माझ्या पाटल्या गेल्या त्या गेल्याच, वर लेकरूही गेलं."

आई नेहमीसारखीच बोलली होती. पण ते शेवटचे शब्द तिच्या कानातून जाईनात.

ती प्रयोगशाळेत आली. पोलिसांनी फक्त भाड्याचा भाग बंद केला होता. मजल्यावर नुसती शांतता होती. पत्र्याच्या पलीकडे कालपरवापर्यंत एक माणूस खोकत, पुटपुटत आकडेमोड करायचा. शुक्रवारी तो चहा प्यायला इकडे आला होता. काँक्रीटचा ठोकळा एका हातातून दुसऱ्या हातात करत त्याने विचारलं होतं, "बाई, पाणी दूषित असताना शुद्ध आहे असा दाखला द्याल का तुम्ही?"

"कुणी मागितला तुमच्याकडे?"

"मागतोय एक जण. शेजारधर्म म्हणून." तो हसला नव्हता. "सोमवारी जाऊन सांगून टाकणार आहे. मुली राहतात हो त्यात."

तेव्हा तिने फार विचारलं नव्हतं. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही, हे भाडेकरूंशी वागायचं तिचं पहिलं सूत्र होतं.

सुचेनासं झालं की ती हातातलं काम करायची. आताही तिने तेच केलं. शनिवारी सकाळी लावलेल्या बश्या बघायला घेतल्या. खिडकीजवळच्या बशीत बुरशीचे पांढरे लोकरीसारखे गोल चांगले पसरले होते. मग तिने कोनाड्यातली जोडीची बशी काढली.

बशी जवळजवळ रिकामी होती. उजेडात तिरपी धरली, तेव्हा टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसले.

तिने दुसरी जोडी काढली. मग तिसरी. सगळीकडे तेच. एकच पीठ, एकच पाणी, एकच हात. वेगळी होती ती फक्त जागा. आणि नेहमी पुढे असणारी जागा या वेळी मागे पडली होती.

तिने पत्र्यावर तळहात ठेवला. पत्रा कोमट होता. आता कोमट होता.

काच धुरकट होती, साहेब. शप्पथ.

तिने हात काढला. मग कवळीकाकांना फोन लावला.

"काका, एसीचं बाहेरचं यंत्र तुमच्या खिडकीशेजारी आहे ना? शनिवारी तुम्ही जायच्या वेळी ते चालू होतं का?"

"दुपारी गेलो तेव्हा नव्हतं. संध्याकाळी होतं."

"संध्याकाळी कुठे आलात तुम्ही?"

"एका गिऱ्हाइकाची कवळी इथेच राहिली होती. त्याचा फोनवर फोन! दातांवाचून काय बोलतोय तेही कळेना. पळत आलो, घेऊन गेलो. यंत्र घरघरत होतं. म्हटलं, नकाशेवाले बसलेत वाटतं. पण त्यांच्याकडे दिवा नव्हता, एवढं मात्र खरं."

"हे पोलिसांना सांगितलंत?"

"त्यांनी रविवारचं विचारलं, बाई. शनिवारचं कुठे विचारलं?"

*

मंगळवारी दुपारी तिने इन्स्पेक्टरला मजल्यावर बोलावलं. दोन बश्या त्याच्या हातात दिल्या आणि सांगितलं, मला सगळ्यांसमोर बोलू द्या. तो बश्यांकडे बघत राहिला. मग त्याने चष्मा पुसला आणि धाकट्याला आणायला माणूस पाठवला.

पॅसेजमध्ये सगळे उभे होते. धाकट्याची दाढी वाढली होती. बहिणीकडे बघायचं तो टाळत होता. नकाशेवाल्यांनी आल्या आल्या विचारलं, "साहेब, आज तरी माझे नकाशे मिळतील ना?"

"मिळतील," ती म्हणाली. "आधी एक सांगा. एसीचा वारा इंजिनिअरांच्या केबिनमध्ये का जात नव्हता?"

"नळात एक झडप आहे, ती बंद असते. उघडली की माझ्याकडचा गारवा कमी होतो. जबाबात सांगितलंय मी."

"शेवटची कधी उघडलीत?"

"गेल्या उन्हाळ्यापासून हातसुद्धा लावलेला नाही."

"ऐकलंत?" तिने इन्स्पेक्टरला विचारलं.

"ऐकलं."

तिने बश्या वर धरल्या. "या दोन्हींत एकाच पिठातली बुरशी आहे. दोन्ही शनिवारी सकाळी लावल्या. ही टेबलावर होती, ही भट्टीच्या पत्र्याला टेकून. उकाड्यात बुरशी भराभर वाढते, गारठ्यात ती आखडते. शनिवार-रविवार भट्टी तापलेली असती, तर हीच बशी जास्त भरली असती. ती रिकामी आहे. म्हणजे पत्र्यापलीकडे त्या दोन दिवसांत गारठा होता."

"बाई, बुरशी काय, कशानेही मरते," नकाशेवाले हसून म्हणाले.

"मेलेली नाही. कालपासून वाढतेय. नुसती थांबली होती." तिने भावाकडे बघितलं. "हा म्हणाला, रविवारी काच धुरकट होती. तो खोटं बोलत नव्हता. आत गारठा आणि पॅसेजमध्ये दमट उकाडा. थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम येतो ना, तसा त्या काचेला आला होता. छताच्या जाळीलाही आला. त्याचेच थेंब टेबलावरच्या कागदावर पडून शाई फुटली. सोमवारपर्यंत खोली पुन्हा तापली, काच सुकली. तो कागद मात्र पहिल्यासारखा व्हायचा नव्हता."

इन्स्पेक्टर चष्मा पुसायचा थांबला होता.

"डॉक्टर म्हणाले, गारठ्यात गोष्ट वेगळी असते. थंडीत शरीर टिकतं, ताठरपणाही जास्त वेळ राहतो. त्यांनी खोली तापलेली बघितली आणि हिशोब तिथून मांडला. खून रविवारी झालाच नाही. शनिवारी दुपारी झाला. मी गेले होते, काका गेले होते. मजल्यावर दोनच माणसं होती."

"संध्याकाळी यंत्र चालू होतं," कवळीकाका म्हणाले. "तुमच्याकडे दिवा नव्हता, नकाशेवाले."

"माझ्या भावाचं बोलणं शुक्रवारी सगळ्यांनी ऐकलं होतं," ती म्हणाली. "गार करतो. त्याने ते गमतीत म्हटलं. तुम्ही ते खरंच करून दाखवलंत. यंत्राची कळ तुमच्या केबिनमध्ये आहे आणि तिला घड्याळ आहे. हवं तेव्हा आपोआप बंद होईल असं लावून तुम्ही मेहुण्याच्या गाडीत बसलात. टेबलफॅनच्या आवाजाने कुणी आत डोकावू नये म्हणून तोही बंद केलात. राहिली फक्त नळातली झडप. ती हातानेच बंद करावी लागते. सोमवारी सगळ्यांच्या आधी येऊन ती बंद करणार होतात. सोमवारी सकाळी मी नसते, हे तुम्हाला ठाऊक होतं."

"आणि नेमक्या तुम्ही होतात," इन्स्पेक्टर हळूच म्हणाला.

नकाशेवाले इन्स्पेक्टरकडे वळले. "बुरशीच्या साक्षीवर माणसाला फासावर चढवणार तुम्ही?"

"नाही," ती म्हणाली. "आपण वर बघू. तुम्ही आत्ताच सांगितलंत, झडप बंद आहे आणि तुम्ही तिला हात लावलेला नाही."

मधल्या केबिनचं सील तोडलं. शिपाई शिडीवर चढला आणि छताची फळी सरकवून त्याने आत टॉर्च मारला. वरून धुळीचा बारीक पाऊस पडत होता.

"साहेब, झडप सताड उघडी आहे," शिपाई म्हणाला. "दांड्यावरची धूळ बोटांनी पुसली गेलीय. आणि इथे काहीतरी आहे. जड आहे."

त्याने रुमालात धरून ती वस्तू खाली दिली. काँक्रीटचा ठोकळा होता. एका कोपऱ्यावर काळे डाग होते. बाजूला रंगाने बांधकामाचं नाव लिहिलं होतं: मुलींचं वसतिगृह.

"मेहुण्याच्या गाडीत नेता आला नसता हा," ती म्हणाली. "ते सोमवारी कुठे जाणार होते, काय सांगणार होते, मला शुक्रवारी अर्धवट बोलले होते. शेजारधर्म म्हणून कुणीतरी खोटा दाखला मागतोय म्हणाले. शेजारी तुम्हीच होतात. मी विचारायला हवं होतं."

नकाशेवाले भिंतीला टेकले. ते पार्टिशन त्यांनीच आखलेलं होतं.

"नाही पडणार मी उभी केलेली ती इमारत," ते पुटपुटले. "थोडं लोखंड सगळेच वाचवतात. सगळेच. त्याला किती समजावलं. तो पाठ फिरवून पुन्हा आकडेमोडच करायला लागला."

इन्स्पेक्टरने चष्मा चढवला. शिपायाला खूण केली.

*

संध्याकाळी धाकटा पॅसेजमध्ये जमिनीवर बसला होता. ती त्याच्याशेजारी बसली. इन्स्पेक्टरचा फोन येऊन गेला होता. वसतिगृह रिकामं करायला घेतलं होतं. तळमजल्याच्या एका खांबाला बोट जाईल एवढी भेग सापडली होती.

"ताई, जन्मात कुणाला गार करतो म्हणणार नाही मी."

"बोल की. फक्त शेजारी कोण ऐकतंय ते बघून बोल."

तो हसायला गेला आणि त्याचा चेहरा वाकडा झाला. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. फोन वाजला. आई.

"जेवला का गं तो?"

तिने फोन त्याच्या हातात दिला. "नाही, आई," तो म्हणाला, "येतोय. ताईला पण घेऊन येतो."

ती उठली. भट्टीचं दार उघडं होतं. खुर्ची कुणीतरी टेबलाखाली नीट सरकवून ठेवली होती. उरलेला एकटा ठोकळा टेबलावर तसाच होता. छताच्या काळ्या जाळीतून हवेचा एक झोतही येत नव्हता.

"दोन केबिन रिकाम्या झाल्या," धाकटा मागून म्हणाला. डोळे पुसत तो नेहमीच्या आवाजात बोलायला बघत होता. "पाटी लावायची का, ताई? हप्ता तर थांबत नाही."

ती जाळीकडेच बघत होती.

"लावू," ती म्हणाली. "आधी हा नळ काढून टाक. यापुढे ज्याची खोली, त्याच्याच हातात कळ."